छातीतच दुखतंय, असं तू सांगितलं होतंस

ताई, तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या भाभी खिचडीचे पातेले घेऊन वर आल्या. तुपाचा आणि जिऱ्याचा वास त्यांच्या आधी दारातून आत आला. पातेले ओट्यावर ठेवून त्यांनी बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिले, तुझा भाऊ प्रकाश तिथे नाही याची खात्री करून घेतली, आणि आवाज अगदी खाली आणून विचारले, "कितनी खा ली थीं?"

मला कळायला वेळ लागला. मी खिचडीकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर जेवणाच्या टेबलावरच्या तुझ्या स्टीलच्या डब्यावर गेली, आणि त्या तुझ्या गोळ्यांविषयी विचारत आहेत हे माझ्या ध्यानात आले.

"भाभी, हार्ट अटैक था," मी म्हटले.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात उबदार होता आणि त्यात खोटे काहीही नव्हते. "हाँ हाँ, यही कहना चाहिए. हम भी सबसे यही कह रहे हैं."

ती खिचडी मी खाल्ली, ताई. चांगली झाली होती. या शहरात माणसे मरणासाठी मुद्दाम येऊन राहतात, खोली घेऊन वाट पाहतात. इथे मरण इतके रोजचे आहे, की कुणाच्या जाण्याची कुणी फारशी चौकशी करत नाही. तुझ्या जाण्याची चौकशी मात्र आमच्या ओट्यापर्यंत आली, आणि आली तीही उत्तर आधीच ठरवून.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते आणि ओले कपडे खांद्यावर घेऊन तशीच खाली येते. तुझ्या खोलीत शिरते. तुझ्या उशीला अजून माक्याच्या तेलाचा वास आहे. खिडकी उघडली तर तो जाईल म्हणून ती बंद ठेवते, आणि बंद ठेवली की माझाच जीव गुदमरतो म्हणून पुन्हा उघडते. गोळ्यांचा डबा लोणच्याच्या बरणीशेजारी तसाच आहे. पाहुणे त्याच्याकडे चोरून पाहायचे तेव्हा तू मोठ्याने सांगायचीस, "ते माझं लोणचं, हे माझं औषध. दोन्ही जेवणासोबत." पाहुण्यांचा घास अडकायचा. तू त्यांना पाणी द्यायचीस.

काय घडले ते तुला सांगण्याची गरज नाही. तू तिथे होतीस, मी नव्हते. तरी लोक इतक्या तऱ्हांनी ते सांगत आहेत, की एकदा तुझ्यासमोर ते सरळ मांडून ठेवावेसे वाटते.

दुपारी तू मेथी निवडत होतीस. हात थांबला. आधी तुलाही वाटले, की 'ती' आली. 'ती' म्हणजे तुझी जुनी घबराहट, जिला तू न बोलावताच येऊन बसणाऱ्या आत्याबाईंसारखी वागवायचीस. "आली का बाई, बस," असे म्हणायचीस आणि तिला बसू द्यायचीस. तू भिंतीला टेकलीस, डोळे मिटलेस, तुझ्या रामनगरच्या बैठकीतल्या बायकांना शिकवलेस तसा सावकाश श्वास घेतलास. मग डोळे उघडून प्रकाशला म्हणालीस, "हे ते नाही. तिले मी ओळखते. हे दुसरंच काही आहे, छातीतच दुखून राहिलं."

प्रकाशने तुला स्कूटरवरून रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने काही विचारण्याआधी तू तुझा पर्चा, म्हणजे मनाच्या डॉक्टरांची औषधांची चिठ्ठी, त्याच्या टेबलावर उघडून ठेवलीस. तो तुझा नियम होता. काही लपवायचे नाही, आधी सगळे सांगायचे. त्याने तो वाचला, आणि वाचून झाल्यावर त्याने तुझ्याकडे पाहणे थांबवले. "घबराहट है, मैडम. आप तो ख़ुद समझती हैं." तू म्हणालीस, दर्द छाती में ही है. तो म्हणाला, ऐसा ही लगता है. आम्लपित्ताचे एक इंजेक्शन दिले आणि विश्रांती घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या रुग्णालयातील दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की झटका आदल्या दिवशीच येऊन गेला असणार. ते ऐकायला तू उरली नव्हतीस.

इतकेच घडले. गोळ्या तू नेमाने, एकही जास्त न घेता घेतल्या होत्यास. तुझे हृदय थांबले, आणि ते थांबण्याआधी त्याने जे सांगितले ते कुणी ऐकले नाही, कारण ते सांगणारीचे मन आजारी असते अशी नोंद तिने स्वतःच आधी समोर ठेवली होती.

तुझ्या पुण्यानुमोदनाची, म्हणजे विहारातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाची, तयारी चालू होती. प्रकाश तुझ्या फोटोची काच पुसत होता, एकच जागा पुन्हा पुन्हा. फोटो तोच, ज्यात तू हसण्याच्या बेतात आहेस आणि अजून हसलेली नाहीस.

"तू बोलशील ना?" त्याने विचारले.

"बोलेन."

"तिच्या बीमारीचं नको काढू."

"का?"

"समाजातले लोक येतील, तिच्या बँकेतले येतील. हार्ट अटॅक म्हण, बस. खरंच आहे ते."

"प्रकाश, तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं."

"ती सांगे तेव्हा जिवंत होती," तो काचेकडे पाहत म्हणाला. "कोणी काही बोललं त उत्तर द्यायला होती. आता कोण देणार? तू?"

मी गप्प बसले. तुला ठाऊक आहे, मी गप्प बसण्यात पारंगत आहे. आपला सगळा वादच त्याच्यावर होता.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तू मला दटावले होतेस. "मले तुम्ही-बिम्ही म्हणू नको वो. कोणी चेक वटवायला आल्यासारखं वाटते." नणंदेला 'तू' म्हणताना माझी जीभ कितीतरी दिवस अडखळत होती. तुझी जीभ कुठेच अडखळत नसे. कुणी नाव विचारले की तू एका दमात सांगायचीस, "मी कुंदा. नागपूरची, बौद्ध, मनाच्या गोळ्या घेते, अन् चहात साखर जरा जास्त लागते." समोरच्याला कुठल्या शब्दावर थांबावे कळेनासे व्हायचे. बहुतेक जण साखरेवर थांबायचे.

या शहरात मराठी बोलणारा म्हणजे जुन्या शास्त्रीपंडितांच्या घरातला, असा एक समज गल्ल्यांमधल्या ओलीसारखा भिंतीभिंतीत मुरलेला आहे. मी संस्कृत काव्य शिकवते, त्यामुळे माझ्या बाबतीत तर कुणी विचारण्याच्याही भानगडीत पडत नाही. एकदा आमचे विभागप्रमुख कौतुकाने म्हणाले होते, "आपका उच्चारण ही बता देता है, महाराष्ट्र के ब्राह्मण हैं आप." मीही तुझ्यासारखी बौद्धच, हे न सांगता मी हसले. त्या संध्याकाळी अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर शेंगदाणे खाताना तुला ते गंमत म्हणून सांगितले. पाण्यावर तांबूस उजेड होता, नावाडी एकमेकांना शिव्या देत होते, ओल्या दगडाला शेवाळाचा आणि झेंडूच्या कुजक्या पाकळ्यांचा मिळून एक गोडसर वास येत होता. तू हसली नाहीस.

"मग तू काय म्हटलं?"

"काही नाही. हसले."

"म्हणजे हो म्हटलं."

"हसणं म्हणजे हसणं, ताई. मी खोटं बोललेले नाही."

"दारात माणूस उभा आहे अन् तू आत लाईट बंद करून बसली. खोटं नाही बोलली, बरोबर आहे तुझं."

मी चिडले. प्रत्येकासमोर आपली जखम उघडून दाखवायची, तर ती भरायची कधी, असे मी विचारले. झाकून ठेवली तर सडते, असे तू म्हणालीस. दोघींची वाक्ये चांगली होती, म्हणून दोघींपैकी कुणीच हरले नाही. शेंगदाण्यांचा पुडा रिकामा झाला आणि आपण परत निघालो. घाटाच्या वरच्या पायरीवर तू थांबलीस, धाप लागली होती, आणि मघाच्या आवाजाहून अगदी निराळ्या आवाजात बोललीस.

"ऐक. माझं डोकं जातीमुळं नाही बिघडलं. आमच्या आजीलेही होतं ते, रक्तातच आहे. पण बिघडल्यावर लोक जे बोलले ते जातीमुळं. दुसऱ्या पोरीले आजार झाला असता. मले काय झालं माहीत आहे? मले झेपलं नाही. कोट्यातून आली, नोकरी झेपली नाही. सासरी गेली, संसार झेपला नाही. म्हणून मी आजाराचं नाव घेते. नाव घेतलं की निदान तो आजार होते."

ते मला पटले. आजही पटते. तरी एक गोष्ट मी तेव्हाही धरून होते आणि आताही सोडलेली नाही. उघडे राहणे सर्वांना सारखे सोसत नाही. तुझ्या पाठीशी बँकेची पक्की नोकरी होती, भावाचे घर होते, आणि तुझी ती न अडखळणारी जीभ होती. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नाही, त्या बायकांना तू तुझाच नियम शिकवत होतीस. मला त्याची भीती वाटायची. मी ती बोलून दाखवली की तू म्हणायचीस, "तू कवितावाली बाई आहेस, तुले पडदे आवडतात."

रामनगरला, पुलापलीकडे, फूलमतीच्या ओसरीवर तुझी बैठक भरायची. मी दोन-चारदाच आले, तेवढ्यात ती माझ्या डोळ्यांत आणि कानांत कायमची भरून राहिली. वस्तीतल्या बायका व्यापाऱ्यांसाठी काचेच्या मण्यांच्या माळा ओवतात. परातीत मण्यांचे ढीग, एक गडद निळा, एक मधाच्या रंगाचा. सुई परातीत फिरली की बारीक पावसासारखा आवाज यायचा. तूही एक दोरा घेऊन बसायचीस, आणि तुझी माळ नेहमी वाकडी व्हायची. "दीदी की माला और दीदी की हिंदी, दोनों मराठी में हैं," असे म्हणत फूलमती ती उसवून पुन्हा ओवायची.

समोरासमोर बसवून, डोळ्यांत पाहून 'बोला' म्हटले असते, तर त्यांतली एकही बोलली नसती. सुईकडे पाहत त्या बोलायच्या. सासूने पोटात लाथ मारली ते, लेकरू दगावल्यावर घरात पुन्हा त्याचे नाव कुणी काढू दिले नाही ते, शाळेत नळाला हात लावला म्हणून बसलेली छडी अजून स्वप्नात येते ते. उदासीला त्यांच्यापाशी शब्द नव्हता. त्या म्हणायच्या, कलेजा बैठ जाला. छाती धक-धक करेला. मग तू हळूच विचारायचीस, "कधी बैठता है? किसके आने पर बैठता है?" वस्तीत येणाऱ्या आरोग्यसेविकांनाही तू तेच सांगायचीस. छातीत दुखते म्हणणाऱ्या बाईला गोळी देऊन वाटेला लावू नका, तिच्या मनाचे विचारा.

ताई, मन छातीतून बोलते हे तू साऱ्यांना शिकवलेस. मग एके दिवशी तुझी छाती फक्त छातीविषयी बोलत होती, आणि एका डॉक्टरने तुला तुझाच धडा परत दिला. हे मी कुठे ठेवू? कवितेत अशा योगायोगाला आम्ही सुंदर म्हणतो.

तू गेल्यावर चार-सहा दिवसांनी मी रामनगरला गेले. बायकांना बातमी कळली होती. त्या मणी ओवत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या, आणि परातीवर ओला फडका टाकलेला होता. फूलमतीचा चेहरा पिवळट दिसत होता. तिला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, हे मला तुझ्याकडून कळले होते. तू तिला घेऊन रुग्णालयात जाणार होतीस. मी म्हटले, आता मी नेते.

"हम नहीं जाएँगे," ती म्हणाली. "और गए भी, तो पर्चा घर छोड़ के."

पहिल्यांदा गोळ्या चालू झाल्या तेव्हा हीच फूलमती त्या पिठाच्या डब्यात लपवायची. सासूला त्या सापडल्या, तिला ते विष वाटले, आणि तू सासूच्या शेजारी बसून तिच्याच चुलीवरचा चहा पीत तिला सगळे समजावलेस. त्यानंतर फूलमती तिचा पर्चा प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाबरोबर, ट्रंकेत वरच ठेवू लागली होती.

"पर्चा देख के डॉक्टर फिर हमारी बात थोड़े सुनता है," ती म्हणाली. "अब तो हम गोली भी छोड़ दिए. गोली ही नहीं, तो पर्चा कैसा?"

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. मग तिने थेट माझ्याकडे पाहिले. "भाभी, दीदी दिखाई थीं?"

प्रकाश काच पुसता पुसता काय म्हणाला होता ते मला आठवले. मी म्हटले, "पुण्यानुमोदन में आइए. वहाँ बात करेंगे." तिने पदर सावरला. परत येताना पुलावर वारा इतका होता, की माझ्या डोळ्यांतले पाणी गालावर न ओघळता कानाकडे जात होते. तुझ्या माघारी जे मोडत होते ते माझ्या डोळ्यांसमोर मोडत होते, आणि माझ्या हाती एक पोकळ निमंत्रण होते.

विहारातला कार्यक्रम तुला आवडला असता असे मी म्हणणार नाही. पांढरे कपडे, पांढरी चादर, मेणबत्तीच्या वासात मोगऱ्याचा वास. वंदना झाली. मग माणसे एकेक करून उठली आणि तुझ्याविषयी बोलली. तू दिलदार होतीस, जिद्दी होतीस, समाजासाठी झटणारी होतीस. बँकेतल्या एका बाईंनी सांगितले, की तू कधी कुणाचे वाईट चिंतले नाहीस. मला हसू आले, कारण त्याच बाईंचे तू काय काय चिंतायचीस ते मी रोज जेवताना ऐकलेले होते. तुझ्या आजाराचे नाव कुणी घेतले नाही. जिने ते साऱ्या शहराला ऐकवले, तिच्याच सभेत ते कुठे नव्हते.

माझी पाळी आली. मी वाक्ये घोटून आणली होती. त्यात नदी होती, मणी होते, तुझा आवाज होता. ती बरी वाक्ये होती, ताई, आणि प्रत्येक वाक्य एका ठरावीक जागेला वळसा घालून पुढे जात होते. अर्ध्यावर आले असेन, तेव्हा मागच्या बाजूने आवाज आला.

"भाभी, एक बात पूछें?"

फूलमती उभी होती. तिच्यासोबत आलेल्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या. तिला इतक्या माणसांत बोलताना मी कधी पाहिले नव्हते.

"हमको भाषण नहीं करना है. बस इतना बता दीजिए, दीदी अस्पताल में पर्चा दिखाई थीं, कि छुपाई थीं?"

कुणीतरी खाकरले. कुणीतरी "बसा बाई, नंतर बोलू" असे म्हणाले. मी फूलमतीकडे पाहिले, मग प्रकाशकडे. लपवला होता म्हटले असते, तर ती म्हणाली असती, दीदीनेही लपवला. दाखवला म्हटले असते, तर म्हणाली असती, म्हणूनच दीदी गेली. मला कुठल्याही बाजूने तिच्यापर्यंत जाणारी वाट दिसेना.

प्रकाश उठला. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"दिखाई थी," तो म्हणाला. "सब दिखाई थी. डॉक्टर ने मुझसे पूछा, इनको पहले भी ऐसा होता है? मैंने कहा, हाँ, होता रहता है."

तो तुझ्या फोटोकडे वळला आणि त्याची भाषाही वळली. "ताई सांगून राहिली होती, छातीत दुखते म्हणून. तिथंच, माझ्या शेजारी बसून. अन् मी म्हटलं, होते तिले तसं."

तो खाली बसला. त्या क्षणी मला कळले, की तुझ्या आजाराची लाज त्याला कधीच वाटली नव्हती. आजाराचे नाव निघाले की त्या एका वाक्याचेही नाव निघेल, एवढीच त्याची धास्ती होती. तुझा भाऊ ते वाक्य एकटा उराशी धरून घरभर हिंडत होता आणि मी त्याच घरात, दुसऱ्या खोलीत, हिंडत होते.

फूलमतीने त्याचे सांत्वन केले नाही. ती अजून उभीच होती. "तो हम क्या करें, भइया? दिखाएँ कि छुपाएँ?"

या वेळी मी थांबले नाही. विचार करून बोलले असेही नाही. "दिखाइए," मी म्हटले. "मगर अकेली मत जाइए. मैं और प्रकाश, दोनों साथ चलेंगे. जब तक आपका पेट हाथ लगाकर न देखें, तब तक वहाँ से कोई नहीं उठेगा."

"मैं कुछ नहीं बोलूँगा वहाँ," प्रकाश तळहातांत तोंड लपवून म्हणाला.

"हाँ भइया," फूलमती म्हणाली, "आप तो मत ही बोलिएगा."

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळा विहार हसला, आणि त्या हसण्यातूनच रडणे फुटले. बँकेतल्या बाई सर्वांत मोठ्याने रडल्या. त्यांना तू आता क्षमा करावीस. मी कागदावरची उरलेली वाक्ये वाचली नाहीत. तुझ्या आजाराचे नाव घेतले, तू सांगायचीस तसेच, एका दमात, आणि माझी जीभ अडखळली तरी ते नाव पूर्ण बाहेर पडले.

माझ्या विभागात मी माझ्याविषयी अजून काहीही सांगितलेले नाही, हेही तुला सांगते. सांगेन की नाही, माहीत नाही. तुझ्या मरणाने आपला वाद मिटला असे दाखवणे मला जमणार नाही.

परवा आम्ही फूलमतीला घेऊन गेलो. फिनेलचा वास, ओल्या फरशीवर चपलांचा आवाज. बाकावर ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आम्ही तिच्या दोन बाजूंना होतो आणि प्रकाशने दातांनी ओठ दाबून ठेवले होते. आतल्या डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या, थकलेल्या. फूलमतीने पर्चा पुढे केला. त्यांनी तो वाचला, आणि त्यांची नजर कागदावरून उचलली जाऊन खिडकीकडे गेली. मला वाटले, झाले, आता पुन्हा तेच.

"नींद आती है ठीक से?" त्यांनी विचारले.

"नींद की बात बाद में करिए, मैडम," फूलमती म्हणाली. "गोली मन की खाते हैं, छोड़ दिए थे, फिर शुरू किए हैं. दर्द पेट में है. पहले पेट देख लीजिए."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे, मग मुक्या प्रकाशकडे. जरा चिडल्या असाव्यात. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, उठल्या, म्हणाल्या, "लेटिए." फूलमती आडवी झाली. त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटे ठेवून दाबले आणि फूलमतीचा श्वास अडकला. त्या तिथेच थांबल्या, हात न काढता.

"कब से है?"

फूलमती सांगू लागली. दिराच्या लग्नातल्या पुऱ्यांपासून सुरुवात केली तिने, मध्येच त्या पुऱ्या कुणी तळल्या होत्या तेही सांगितले, आणि डॉक्टर ऐकत राहिल्या. तिथेच लगेच सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे निघाले, शस्त्रक्रिया ठरली. मनाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, शस्त्रक्रियेआधी तुमच्या मनाच्या डॉक्टरांशी मी बोलते, असे त्यांनी बजावले. बाहेर आल्यावर फूलमतीने पर्चा पिशवीत घातला आणि बजावले, "अब बस्ती में सबको बताना पड़ेगा." प्रकाश काहीतरी निमित्त काढून पायऱ्या उतरून गेला.

मला आनंद व्हायला हवा होता, ताई. झालाही. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, त्या ओसरीची आहे, तुझ्या त्या हट्टी नियमाचीही आहे. मग त्याच बाकावर बसल्या बसल्या, तुझ्या वेळी काय काय झाले नाही ते मी मोजू लागले. खुर्चीवरून उठायचे. दुखते तिथे बोटे ठेवायची. कब से है, असे विचारायचे आणि उत्तर संपेपर्यंत हात काढायचा नाही. मी डोळ्यांनी पाहिले. त्याला काही वेळसुद्धा लागला नाही. इतके थोडे लागते, हे मला कळायला नको होते.